फुलीच्या टाक्यांचा हिशेब

अश्विन पौर्णिमेच्या संध्याकाळी नाशिक रोडच्या आमच्या वस्तीत कुणी फेरी मारली, तर दहा-अकरा दारांवर एकेक लहानशी वस्तू टांगलेली दिसेल. तळहातात मावेल एवढे पांढरे कापड, आत थोडा कापूस आणि वर अडकवायला दोऱ्याचा फास. एका दारावर पिंपळाचे पान, दुसऱ्यावर आठ आऱ्यांचे धम्मचक्र, पलीकडे कमळ, कोपऱ्यावरच्या घरी पंचरंगी ध्वज. लांबून ते छापील वाटते. जवळ गेले की कळते, सगळे चित्र बारीक फुल्यांनी भरलेले आहे. गंमत अशी की ज्या दारावर जे टांगलेले आहे ते त्या घरच्या बाईने भरलेले नसते. ते दुसरीने भरून तिला दिलेले असते, आणि हिने भरलेले तिसरीच्याच दारावर असते. पौर्णिमा झाली की या वस्तू बिस्किटांच्या डब्यात जातात. १४ एप्रिलला आणि वैशाखी पौर्णिमेला पुन्हा बाहेर निघतात.

हा उद्योग आम्ही अकरा जणी करतो. आमच्यात दोघी दवाखान्यात आया आहेत, एक पोळ्या लाटून देते, दोघी अंबडच्या कारखान्यांत पॅकिंगला जातात, एक भाजी विकते, एक अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, तिघी घरीच असतात. वही ठेवण्याचे काम अर्थातच कारकुनी करणाऱ्या आमच्या गळ्यात पडले. बी.कॉम. होऊन हेच करायचे का, असे घरचे विचारतात. पण सांगायची गोष्ट त्या वहीचीच आहे, म्हणून आधी थोडे कामाविषयी सांगतो.

फुलीचा टाका, म्हणजे ज्याला सगळे क्रॉस स्टिच म्हणतात, तो आपल्या घरांना नवा नाही. आमच्या आयांच्या वेळी मॅटीच्या कापडावर पोपट, गुलाब आणि ‘सुस्वागतम्’ भरून टीव्हीवर टाकायची फार हौस होती. डबा टीव्ही गेला, भिंतीवरचा पातळ टीव्ही आला आणि झाकण टाकायला जागाच उरली नाही. त्याबरोबर मॅटीही पेट्यांच्या तळाशी गेली. आमच्या कामाची सुरुवात अशाच एका पेटीतून निघालेल्या कापडाने आणि अर्ध्या संपलेल्या लच्छ्यांनी झाली.

टाका अगदी सोपा आहे. कापडात चौकटी विणलेल्याच असतात. एका कोपऱ्यातून तिरका टाका, त्यावर उलटा तिरका टाका, झाली फुली. पण सगळ्या वरच्या टाक्यांची दिशा एकच हवी. एक जरी उलटी पडली तरी उन्हात ती वेगळी चमकते आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. कापडाची चौपदरी घडी घालून मधला बिंदू काढायचा आणि तिथून सुरुवात करायची, नाहीतर चित्र एका बाजूला सरकते. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की गुंता होतो. गाठ मारायची नाही, दोऱ्याचे टोक मागच्या टाक्यांखाली दाबायचे. लच्छी आठ मीटरची आणि सहा पदरी असते, आपण दोन पदर काढून घेतो, म्हणजे एका लच्छीत चोवीस मीटर काम निघते. हे गणित नव्या येणारीला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, कारण बऱ्याच जणी सहाच्या सहा पदर सुईत ओवायला बघतात. लाल दोरा मात्र आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघावा. आमचे एक कमळ धुतल्यावर गुलाबी पाण्यात पोहत होते.

कर्नाटकातल्या धारवाडकडच्या कसुती भरतकामात या फुलीला मेंथी म्हणतात, मेथीच्या दाण्यावरून. इरकल साड्यांच्या पदरावर हे काम आपल्या सोलापूर, कोल्हापूरच्या बायकांनीही पाहिलेले आहे. पॅलेस्टाईनच्या स्त्रिया त्यांच्या झग्यांवर हाच टाका घालतात. तिकडे त्या कामाला ततरीझ म्हणतात, आणि २०२१ साली युनेस्कोने त्याची जगाचा वारसा म्हणून नोंद केली. आमच्या भाजीवाल्या वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे शाळेत मास्तर मारायचे ती फुली आणि ही फुली एकच का हो?” तेव्हा आम्ही हसलो होतो. त्या फुलीची आठवण पुढे निराळ्या कारणाने आली.

नमुने आम्हीच काढतो. मुलांच्या गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद आणि रंगीत पेन्सिली पुरतात. सर्वांत मोठा वाद झाला तो चक्रावरून. एकीचे म्हणणे, चक्र काढायचे तर अशोकचक्रासारखे चोवीस आऱ्यांचे काढा. आम्ही कागदावर तीन संध्याकाळी घालवल्या. एकवीस चौकटी रुंद चक्रात चार आरे सरळ जातात, चार आरे कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके जातात, आणि ते बिनचूक बसतात. बाकीचे सोळा कसेही बसवले तरी पायऱ्या-पायऱ्या होऊन एकमेकांत मिसळतात आणि चक्राऐवजी काळा गोळा दिसतो. शेवटी अष्टांगिक मार्गाचे आठ आरे धरले. चौकटींची संख्या मात्र विषम हवी, नाहीतर मधला बिंदू सापडत नाही.

ध्वजाचे गणित त्यापेक्षा सुरेख आहे. १८८५ साली वैशाखी पौर्णिमेला कोलंबोत पहिल्यांदा फडकलेल्या या ध्वजाला निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे आणि सहावा पट्टा त्याच पाच रंगांच्या तुकड्यांचा. म्हणून उंची पाचाने भागली जाईल अशी घ्यावी लागते. आम्ही तीस चौकटी उंच आणि छत्तीस चौकटी रुंद असा धरला. प्रत्येक पट्टा सहा चौकटींचा, सहाव्यातला प्रत्येक तुकडा सहा बाय सहा. इंचाला चौदा चौकटी असलेल्या कापडावर तो अडीच इंच रुंद होतो. पांढऱ्या कापडावर पांढरा पट्टा भरायचाच कशाला, असे काहींना वाटले. पण तो कोरा सोडला की ध्वज मध्येच फाटल्यासारखा दिसतो. पांढऱ्यावर पांढरा दोरा भरायलाच लागतो, आणि त्या फुल्या मोजायला सर्वांत कठीण.

देवघेवीची रीत साधी. वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. सुरुवातीला आम्ही वाचन ऐकता ऐकता सुई चालवत होतो. एका ज्येष्ठ बाबांनी हरकत घेतली, आणि ती बरोबरच होती, कारण मोजताना ओठ हलतात आणि मन ग्रंथात राहत नाही. मग रविवारी वाचन आटोपल्यावर अर्धा-पाऊण तास बसू लागलो. आषाढ पौर्णिमेला नावांच्या चिठ्ठ्या काढायच्या, जिचे नाव निघेल तिच्यासाठी तीन महिन्यांत एक वस्तू भरायची, कुणासाठी ते सांगायचे नाही, आणि अश्विन पौर्णिमेला द्यायची. नियम एकच होता, की वस्तू स्वतःच्या हातची हवी.

या रीतीमागे आमच्या मनात आणखी एक गोष्ट होती. संक्रांतीला बायका एकमेकींना वाण देतात, ती आपल्याकडची बायकांची जुनी देवघेव आहे. पण ते वाण आता प्लॅस्टिकच्या डब्यांवर आले आहे आणि तिथे विधवेला बोलावत नाहीत. आमच्यातल्या मावशींना पस्तिसाव्या वर्षी वैधव्य आले. आजूबाजूच्या सोसायटीत हळदीकुंकू असले की त्या दिवशी त्या मुद्दाम बाजाराला जातात. १८५२ साली पुण्यात सावित्रीबाईंनी तिळगुळाचा कार्यक्रम केला तेव्हा सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसवले होते. आमच्या चिठ्ठीतही मावशींचे नाव इतर नावांसारखेच एक असावे, एवढे आम्ही ठरवले होते. आम्ही कुणालाही बाहेर ठेवत नाही, असा आमचा समज होता.

तीन वर्षांपूर्वी अश्विन पौर्णिमेला मावशींच्या हातात एक कमळ आले. सुबक, गुलाबी, काठ अगदी एकसारखा. अंबडला पॅकिंगला जाणाऱ्या दोघींपैकी धाकटीने ते दिले होते. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि बाजूला ठेवले. तेवढ्यात एकीने ते उचलले आणि पाठ बघून म्हणाली, “अगं, हे तर मशीनचं आहे. मेन रोडला साठ रुपयांत मिळतं.” कुणी हसले नाही, कुणी रागावलेही नाही. सगळ्या गप्प झाल्या. धाकटीने डबा पिशवीत घातला, जयभीम केला आणि निघून गेली. आम्ही घरी येऊन वहीत नोंदी केल्या. दहा नावांपुढे वस्तूंची नावे लिहिली. अकराव्या नावापुढे लाल पेनाने फुली मारली आणि लिहिले, विकतचे. हिशेबात खोटे लिहायचे नाही ही कचेरीची सवय. त्या वेळी आपण काही वाईट करतो आहोत असे मनातही आले नाही.

पुढच्या आषाढात ती आली नाही. चिठ्ठ्या दहाच झाल्या.

त्याच पावसाळ्यानंतर आम्ही काही जणी मुलांना घेऊन त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. पांडवलेणी म्हणून जी डोंगरावरची लेणी सगळ्यांना माहीत आहेत, तीच ही. नाशिकला राहून आपण पाहुणे आले तरच तिथे जातो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. त्याचे भाषांतर आम्ही आधी वाचले होते, त्यामुळे मुलांना सांगता आले. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा लेख, महिना वैशाख. उषवदाताने लेणे संघाला दिले आणि ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेव कुठे, तर गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. गंगापूर रस्त्यावरचे आपले गोवर्धन ते हेच. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यायचे. आणि हे सगळे नगराच्या सभेत सांगून दप्तरी नोंदवले आहे, असेही लेखात लिहिले आहे.

आम्ही तिथेच मनात आकडे मांडले. दोन हजारांना महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. कारकुनाला असा हिशेब दगडात कोरलेला पाहून काय वाटते ते दुसऱ्याला कळायचे नाही. मुले वटवाघळे बघायला पळाली, आम्ही मात्र तिथेच उभे राहिलो. डोक्यात एक गोष्ट आली. वर्षावासाचे वस्त्र द्यायचे तर त्या माणसाने आधी विचार केला होता, की वस्त्राला काय पडते आणि ते पडेल ते कुठून येईल. आम्ही आमच्या भेटीचा असा हिशेब कधी केला होता का? साहित्याचा केला होता. कापडाचा तुकडा, अर्धी लच्छी, मूठभर कापूस, चहा-बिस्किटांच्या पैशांत सगळे बसते. म्हणून तर आम्ही अभिमानाने सांगत होतो, की आमच्याकडे गरीब-श्रीमंत प्रश्नच नाही.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर ध्वज मांडला. छत्तीस गुणिले तीस, म्हणजे १०८० फुल्या. सरावलेला हात तासाला दीडशे फुल्या घालतो. म्हणजे सात तास बारा मिनिटे. पाठीला कापड लावणे, कापूस भरणे, काठ शिवणे याला आणखी तासभर. एकूण सव्वाआठ तास. कारखान्यात यालाच एक पाळी म्हणतात.

मग धाकटीचा दिवस मांडला. सकाळी साडेसहाला ती घरातून निघते. त्याआधी पाणी भरणे, दोन डबे, सासऱ्यांच्या गोळ्या. परत यायला साडेसात-आठ. मग स्वयंपाक, भांडी, धाकट्याचा अभ्यास. सुट्टीच्या दिवशी धुणे आणि रेशन. फुलीचा टाका अंधारात घालता येत नाही, पांढऱ्यावर पांढरा तर दिव्याखालीही दिसत नाही. तिच्याकडे आम्ही तीन महिन्यांत एक जादा पाळी मागत होतो, तीही बिनपगारी. तिने साठ रुपये दिले होते. ते तिने किती तास डबे भरून मिळवले, याची नोंद आमच्या वहीत नव्हती.

आम्ही माफी मागायला जावे की जाऊ नये, यावर दोन रविवार चर्चा झाली. काहींचे म्हणणे, नियम तो नियम. एक म्हणाली, उद्या सगळ्याच विकतचे आणतील, मग हे करायचे कशाला? हे म्हणणेही चुकीचे नव्हते, आणि आजही त्याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. आमची चर्चा चालू असतानाच मावशी कुणाला न विचारता धाकटीकडे जाऊन आल्या.

मावशींना मोतीबिंदू आहे. अक्षर त्यांना येत नाही, पण चौकटी त्या पाच-पाचांनी, हाताच्या बोटांसारख्या मोजतात आणि त्यांची मोजणी चुकत नाही. त्या वर्षी त्यांनी पिंपळाचे पान घेतले होते. पानाचे लांब टोक भरून झाले, अर्धा भाग झाला, आणि मग चौकटी दिसेनाशा झाल्या. ते अर्धे पान आणि हिरवी लच्छी घेऊन त्या गेल्या आणि म्हणाल्या, “मला दिसंना आता. उरलेलं तू कर, जमंल तवा. घाई नाही.” निघताना हेही सांगून आल्या, की ते कमळ गेले वर्षभर त्यांच्या दारावरच आहे. तेही खरे होते. आमच्यापैकी कुणीच ते पाहिले नव्हते, म्हणजे पाहूनही न पाहिल्यासारखे केले होते.

धाकटीने ते पान कधी भरले, किती दिवसांत भरले, आम्ही विचारले नाही. अश्विन पौर्णिमेला ते पूर्ण होऊन आले. मधोमध एक रेघ स्पष्ट दिसते. मावशींचा टाका घट्ट, हिचा सैल. हिची वरच्या टाक्याची दिशाही उलटी आहे, कारण ती डावखुरी आहे. आमच्या पहिल्या नियमाप्रमाणे ती चूक झाली असती.

त्यानंतर रीत बदलली. आता वस्तू अपुरी आणली तरी चालते, सुई तशीच खोचून. जिला मिळेल ती किंवा तिच्या घरचे कुणी पुरी करतात. दोघींनी मिळून एकच भरली तरी चालते. हे आम्ही फार मोठे काही केले असे नाही. वर्षावास संपल्यावर विहारात कठिण चीवरदान होते. कठिण म्हणजे मुळात चीवर शिवताना कापड ताणून बसवायची लाकडी चौकट. विनयात हे चीवर एका दिवसात शिवून, रंगवून पुरे करायचे असते, म्हणून बरेच भिक्खू मिळून शिवतात. एकट्याचे ते काम नव्हेच. भिक्खूच्या आठ परिष्कारांत वस्तरा, कमरपट्टा, पाणी गाळायचे फडके यांच्या जोडीला सुईही आहे. मगधातली बांधांनी आखलेली शेते दाखवून तथागतांनी आनंदाला विचारले होते, की चिवराची रचना अशी करता येईल का, आणि आनंदाने तुकडे जोडून ती करून दाखवली. अंगणवाडीच्या बाईंनी हे सांगितले तेव्हा पोळ्या लाटणारी म्हणाली, “म्हणजे चौकटीचा कागद तेव्हापासूनचाच म्हणायचा.”

ज्या भगिनींना असे काही सुरू करायचे असेल त्यांनी पहिल्या वर्षी ध्वज घेऊ नये, फुल्या फार लागतात. एकवीस चौकटींचे चक्र घ्यावे. त्यात बराच भाग कोराच राहतो आणि दोन-तीन तासांत ते हातावेगळे होते. मॅटी अर्धा मीटर आणली तर दहा जणींना सहज पुरते. काठ उसवू नये म्हणून कापल्याबरोबर कडेने उभे टाके मारून घ्यावेत. सुई बोथट टोकाची घ्यावी, टोकदार सुई चौकटीच्या धाग्यातूनच घुसते.

आणि वही ठेवावीच. आमच्या वहीतली ती लाल फुली अजून आहे. खोडायचा विचार आला होता, पण हिशेबाच्या वहीत खाडाखोड करत नाहीत, चूक झाली तर पुढे दुरुस्तीची नोंद घालतात. तशी नोंद आम्ही पुढच्या वर्षीच्या पानावर घातली आहे: पिंपळपान एक, दोघींचे, फुल्या अंदाजे नऊशे. या वर्षीच्या चिठ्ठ्या निघाल्या आहेत. मावशींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतरचे ठरले आहे, तरी त्यांनी चिठ्ठी उचलली. कुणाची आली ते सांगत नाहीत. धाकटीकडे मात्र त्यांनी आतापासूनच निळी लच्छी नेऊन ठेवली आहे.